थप्पड आणि वडापाव

सचिनचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक मुंबईत शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या गेटाजवळ आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी त्याचं अनावरण झालं, तेव्हा सचिन तेंडुलकरने एक आठवण सांगितली. सामना कितीही चांगला झाला तरी सर कधी ‘वेल प्लेड’ म्हणत नसत. एखाद्या दिवशी मात्र हातावर वडापावचे पैसे ठेवत. मग पोराने समजून घ्यायचं, आज आपल्या हातून काहीतरी बरं झालेलं दिसतंय.

परळच्या एका शाळेत उभा जन्म पीटी शिकवून निवृत्त झालेले एक मामा ही आठवण भेटेल त्याला ऐकवतात. शाळेत असताना त्यांनी खो-खोच्या पोरापोरींच्या पिढ्या घडवल्या. आवाज अजून असा, की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूसही वळून बघतो. त्यांची भाची ठाण्यात बॅडमिंटन शिकवते. पतियाळाला राहून राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षकाचा कोर्स केलेली, मोबाइलमध्ये प्रत्येक मुलाची नोंद ठेवणारी. रविवारी सकाळी ती आजोळी आली की दोघं पार्काच्या कट्ट्यावर बसतात आणि वादाला तोंड फुटतं. विषय ठरलेला: पोरांना खेळ शिकवायचा तो धाकाने की गोडीने?

“वडापावच्या त्या पैशांसाठी पोरगं झुरलं पाहिजे,” मामांनी सुरुवात केली. “तुमच्याकडे काय चाललंय? शटल नुसतं रॅकेटला लागलं तरी ‘सुपर, चॅम्प!’ कौतुक इतकं स्वस्त केलंत तर त्याला विचारणार कोण?”

“वडापाव सांगितलास मामा, आता थप्पडही सांग की.”

थप्पड प्रसिद्ध आहे. सचिनने स्वतःच ती अनेकदा सांगितली आहे. शाळकरी वयात एके दिवशी तो आपला सामना बुडवून वानखेडेवर गेला होता, आपल्या शारदाश्रम शाळेच्या मोठ्या मुलांचा अंतिम सामना बघायला आणि टाळ्या वाजवायला. तिथे सर भेटले. आज किती धावा केल्यास, असं त्यांनी विचारलं. खरं उत्तर आलं आणि गालावर एक सणसणीत बसली. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असा खेळ, अशा अर्थाचं सर बोलले. मामांच्या मते भारतीय क्रिकेटमधला हा सर्वांत मोलाचा फटका आणि तो बॅटने मारलेला नाही.

“त्या एका थपडेवर शंभर शतकं उभी राहिली,” ते म्हणाले.

“याच पार्काच्या मैदानावर, त्याच सरांच्या हाताखाली विनोद कांबळीही होता. त्याचं काय?”

हा प्रश्न मामांना आवडत नाही, कारण तो सोपा नाही. कांबळीने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली, इंग्लंडविरुद्ध २२४ आणि झिंबाब्वेविरुद्ध २२७. एकूण कसोटी मात्र १७. सरासरी ५४.२०, आणि शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय अवघं २३. असं का झालं याची कारणं वेगवेगळे लोक वेगवेगळी सांगतात. त्यात इथे पडायचं कारण नाही. भाचीचा मुद्दा एवढाच होता की गुरू एक, मैदान एक, शिस्तही तीच. तेंडुलकर घडला याचं श्रेय थपडेला द्यायचं असेल, तर दुसऱ्या खात्यावरही काहीतरी मांडावं लागेल.

“आणि मामा, सचिनच्या हातात माइक आहे. थप्पड खाऊन घरी गेलेला आणि परत कधी मैदानावर न आलेला मुलगाही असेलच ना कुठेतरी? त्याला कुठल्या अनावरणाला बोलावतात?”

खेळातल्या कठोरपणाचं जवळजवळ सगळं समर्थन जिंकलेल्यांच्या तोंडून आलेलं असतं, हे खरंच आहे. ‘सरांनी मारलं म्हणून मी घडलो’ असं म्हणणारा माणूस घडलेला असतो. मधेच सोडून गेलेल्यांच्या आठवणी कुणी छापत नाही. पण या युक्तिवादाने मामांची गोष्ट खोटी ठरत नाही, अर्धी ठरते. उरलेली अर्धी तेही शोधायला तयार असतात, पण आपल्या पद्धतीने.

“बरं, थप्पड ठेव बाजूला. ६६४ घे,” ते म्हणाले.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रमचे तेंडुलकर आणि कांबळी सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांना फोडून काढत होते. डाव घोषित करा म्हणून सरांचे सहायक लक्ष्मण चव्हाण सीमारेषेवरून हाका मारत होते आणि ही दोन पोरं ऐकू न आल्यासारखी खेळत होती. शेवटी उपाहाराच्या वेळी फोनवर सर मिळाले. डाव घोषित करायचा, असा हुकूम झाला. कांबळी ३४९ वर होता. एक धाव करू द्या, अशी त्याने विनवणी केली. नाही म्हणजे नाही. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, दोघांची अखंड भागीदारी ६६४ धावांची, धावफलकावर २ बाद ७४८.

“एक धाव! आजचा कोच असता तर म्हणाला असता, घे बाळा, व्हिडिओ पण काढतो. सर म्हणाले, सामना जिंकायचाय, तुझा आकडा नाही. ही शिस्त. यात हात कुठे उगारलाय?”

“नाही उगारला,” भाचीने मान्य केलं. “ही मला हवीच आहे. पण तू ही गोष्ट सांगतोस आणि टाळ्या थपडेला मागतोस. सरांनी सचिनला स्कूटरवर मागे बसवून मुंबईभर फिरवलं. एका मैदानावरचा सामना संपला की दुसऱ्या मैदानावर. नुसत्या नेटपेक्षा सामने खेळवण्यावर त्यांचा भर. आडोशाला उभं राहून बघायचे, चिठ्ठीवर चुका टिपून ठेवायचे आणि संध्याकाळी भेळ खाताना समजावायचे. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सराव संपेपर्यंत बाद झाला नाही तर नाणं त्याचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवलीत. तू थपडा मोजतोस मामा, मी त्या स्कूटरचे किलोमीटर मोजते.”

मामांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. कट्ट्यावर येणाऱ्या त्यांच्या समवयस्कांपैकी एक जण तेवढ्यात नमस्कार करून गेला. मामा स्वतःही मुलांना रात्री घरी जेवू घालणाऱ्या जुन्या शिक्षकांपैकी. तेव्हा स्कूटरचा मुद्दा त्यांना आतून पटला असणार. पण हार मानायची तर वाद घालायचा कशाला?

समोरच्या नेटमधून दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं पॅड बांधलेल्या पायांनी मैदानाला फेऱ्या मारायला निघालं. मागून कोचची शिट्टी.

“उशिरा आला असेल,” मामा म्हणाले.

“दहा वर्षांचं पोर उशिरा येतं मामा, तेव्हा त्याचा बाप उशिरा उठलेला असतो. आणि धावायला लावणं ही शिक्षा? पुढच्या वर्षी याच कोचला वाटणार, या पोराला धावण्याचा कंटाळा का? मी उशिरा येणाऱ्याला सरावातलं सगळ्यात आवडतं काम देत नाही. शेवटची दहा मिनिटं आमच्याकडे सामना असतो. तो त्या दिवशी बाहेर बसून गुण मोजतो.”

“म्हणजे शिक्षाच झाली की!”

“झाली. मी कुठे म्हटलं, नियम मोडल्यावर काहीच होऊ नये? फक्त त्याचा चुकीशी संबंध हवा आणि पोराची लाज काढायची नाही.”

मामांना हा फरक वकिली वाटतो. पण कायद्याला तो वाटत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधलं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. पीटीच्या तासाला त्यातून सूट नाही. खाजगी अकादमीला हे कलम थेट लागू होत नसलं, तरी बाल न्याय कायदा, २०१५ आहे. ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या मुलाला मारहाण करून विनाकारण शारीरिक-मानसिक यातना देणाऱ्याला त्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मैदानावर हे कलम फारसं कुणाच्या गावी नसतं. पालकच सांगून जातात, “सर, बिनधास्त द्या दोन ठेवून.”

“माझ्या बापाने माझ्या वस्तादांना हेच सांगितलं होतं,” मामा म्हणाले. “मार आणि माया एकाच हातात असायची. हल्ली हाताला दोन्हीची सवय नाही.”

भाचीने मग जपानचा विषय काढला. तो विनोदाचा नाही. जपानमध्ये शाळेतल्या मारहाणीला १९४७ पासून कायद्याने बंदी आहे. तरीही शाळांच्या खेळसंघांमध्ये थप्पड, लाथ, बांबूची काठी हे सगळं ‘माये’च्याच नावाखाली चालू राहिलं. डिसेंबर २०१२ मध्ये ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाच्या १७ वर्षांच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या वारंवारच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. प्रशिक्षकाला पुढे न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या आत्महत्येनंतर काही आठवड्यांतच जपानच्या १५ महिला जुडोपटूंनी राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध मारहाणीची तक्रार केल्याचं बाहेर आलं आणि त्याला पद सोडावं लागलं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२० साली ८०० हून अधिक माजी बालखेळाडूंचे अनुभव गोळा करून अहवाल काढला. त्यातल्या कहाण्या वाचताना मामांचे वस्ताद आठवतात, फक्त त्यातली माया शोधावी लागते.

ब्रिटनची गोष्ट जिम्नॅस्टिक्सची. २०२२ च्या व्हाइट अहवालात लहान मुलींना सरावात पाणी पिऊ न देणं, स्वच्छतागृहात जायला मनाई करणं, खाण्यावर पहारा ठेवणं असे प्रकार नोंदवले आहेत.

“पाणी आम्हीही देत नव्हतो,” मामा एकदम म्हणाले. “सरावात पाणी प्यालं की पोटात दुखतं, पोरगं नाजूक होतं, असं शिकवलं होतं आम्हाला. मे महिन्यातलं शिबिर, दुपारची उन्हं आणि माठावर झाकण. आता शास्त्र उलटं सांगतं. ठीक आहे, ते चुकलंच. पण पाण्याचं चुकलं म्हणून धाकाचंही चुकलं असं होत नाही.”

“का नाही होत? पाण्याबद्दलची खात्रीही तुझी एवढीच होती.”

हा टोला मामांना लागला. त्यांनी मग आपल्या हक्काच्या मैदानात वाद ओढला, म्हणजे खो-खोत. पाठलाग करणारं पोरगं खांबाशी सूर मारतं, ते एका सेकंदाच्या आत घ्यायच्या निर्णयावर. मातीत छाती घासून निघते. पहिल्यांदा सगळीच बिचकतात. हात पुढे जातात आणि कंबर मागे राहते. त्या क्षणी ‘तुला जमेल तसं कर हं’ म्हणणारा शिक्षक काही कामाचा नाही, असं मामांचं मत आहे. शंभरदा करायला लावायचं. एकशे एकाव्यांदा भीती जाते.

“शंभरदा करायला लावायचं, कबूल,” भाची म्हणाली. “पण विचार कर, ते पोरगं बिचकतं कशाला? मातीला. आता त्यात तुझी भीती मिसळ. चुकलो तर मामा सगळ्यांदेखत बोलणार. मग ते सूर मारतच नाही, दोन पावलं जास्त पळतं. माझ्याकडेही तेच होतं. नेटजवळचा ड्रॉप शॉट चुकला की ओरडा बसतो म्हटल्यावर पोरं ड्रॉप मारायचंच सोडतात. कोर्टाच्या मागे उभी राहून उंच उंच टोलवत बसतात. चूक होत नाही आणि खेळही येत नाही.”

मामांनी मान डोलवली, मग लगेच सावरले. “आणि मल्लखांब? तिथे तुझा लाड चालेल?”

शिवाजी पार्कात बसून मल्लखांबाचं नाव काढायचं, तर समर्थ व्यायाम मंदिर आणि २०२४ चे पद्मश्री उदय देशपांडे यांच्याकडे बोट दाखवणं आलंच. वरून उलटं लटकलेलं पोर, खाली गादी, खांबाला एरंडेल. इथे शिक्षकाचा शब्द त्याच क्षणी पाळला नाही तर मान मोडू शकते. नेमबाजीतही तेच. रेंजवर बंदुकीचं तोंड कुठे हवं, याबद्दल मतमतांतर नसतं. शिस्तीचा हा भाग वादातीत आहे, आणि गंमत म्हणजे तो शिकवायला कुणाला मारावं लागत नाही. पोरांना कारण दिसत असतं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना दुसरी आई म्हणतो. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. भारतीय रायफल नेमबाजीत त्यांच्या शिस्तीबद्दल शंका घेणारा कुणी सापडणार नाही.

“तुझ्याकडे आकडे असतील ना काहीतरी? पतियाळाला तेच शिकवतात,” मामांनी डिवचलं.

आकडे होते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमधल्या प्रशिक्षकांवर बरीच वर्षं काम केलं. काही प्रशिक्षकांना त्यांनी छोटी कार्यशाळा दिली. चुकल्यावर आधी धीर द्या, मग नेमकं काय बदलायचं ते सांगा, शिक्षा करू नका, मेहनतीची दखल घ्या. बाकीचे प्रशिक्षक आपापल्या रीतीने शिकवत राहिले. १९९० च्या सुमारास सिअ‍ॅटल परिसरात केलेल्या एका अभ्यासात पुढच्या हंगामापर्यंत खेळ सोडलेल्यांची संख्या मोजली. नेहमीच्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं गळाली, कार्यशाळा केलेल्यांकडची ५ टक्के.

“आणि जिंकले कोण जास्त?”

“सारखेच. हारजितीत काही फरक नाही.”

“बघ! म्हणजे तुझ्या गोडीने जिंकणं काही वाढलं नाही.”

“आणि तुझ्या ओरडण्यानेही नाही.”

मामा मोठ्याने हसले. हा आकडा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. धाकाच्या बाजूने सर्वांत मोठा दावा हाच असतो की त्याने पोरं कमी राहतील, पण राहतील ती जिंकतील. शाळकरी वयात ते दिसलं नाही. दिसली ती फक्त गळती. आणि दहाव्या वर्षी गळालेल्या त्या २६ टक्क्यांमध्ये सोळाव्या वर्षी उंची गाठणारा, उशिरा उमलणारा एखादा खेळाडू होता का, हे कुणालाच कळणार नाही.

नॉर्वेने हा प्रश्न देश म्हणून सोडवायचा ठरवला. तिथल्या क्रीडासंघटनेचे मुलांच्या खेळाबद्दलचे नियम आहेत. ११ व्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, राष्ट्रीय अजिंक्यपद १३ व्या वर्षाआधी नाही. एवढं सगळं ‘लाडाने’ करून साधारण ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं नेली, सर्व देशांत जास्त.

“त्यांच्याकडे बर्फ आहे, तेल आहे, आणि पोरगं खेळात नापास झालं तरी उपाशी मरत नाही,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज या वेळी चिडका नव्हता. “माझ्याकडची पोरं कुठली होती? गिरण्या बंद पडलेल्या घरातली. त्यांना सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडूंचं आरक्षण दिसायचं. दहावीला सवलतीचे गुण दिसायचे. रेल्वे, पोलीस, बँक. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे घरातली पहिली नोकरी. अशा पोरीला मी म्हणू का, बाळ, आनंद घे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही कप आपल्याकडे आले. कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. ती पोरं अशीच पहाटे उठून मातीत आलेली असतात. त्यांच्या आयुष्यात दुसरी संधी नसते गं. म्हणून मी कडक होतो.”

या वादातलं मामांचं हे सर्वांत भक्कम बोलणं. नॉर्वेचा नियम परळच्या चाळीत तसाच्या तसा उतरत नाही. भाचीला उत्तर सुचलं, पण ते पुरेसं नव्हतं हे तिलाही जाणवलं असावं.

“ज्याला दुसरी संधी नाही, त्याला घाबरवून पहिलीही घालवायची का?” एवढंच ती म्हणाली.

मग क्रिकेटकडे गाडी परत आली, कारण शिवाजी पार्कात ती येतेच. जून २०२२, बेंगळुरू, रणजी करंडकाचा अंतिम सामना. एका बाजूला ४१ वेळा जिंकलेली मुंबई, दुसऱ्या बाजूला एकदाही न जिंकलेला मध्य प्रदेश. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचे अमोल मुझुमदार. दोघंही आचरेकर सरांचे विद्यार्थी. पंडित कडक म्हणून प्रसिद्ध. त्याआधी विदर्भाला त्यांनी लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली होती. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. या वेळी सहा गड्यांनी जिंकले. मामांनी त्या दिवशी पेढे वाटले नाहीत, कारण हरली मुंबई. पण आपलं तत्त्व जिंकलं असं ते मानतात.

“आणि पंडित आयपीएलमध्ये गेले तेव्हा?” भाचीने विचारलं. कोलकाता संघाचे ते प्रशिक्षक असताना परदेशी खेळाडूंना त्यांची लष्करी पद्धत रुचली नव्हती, असं नामिबियाचा डेव्हिड वीसे नंतर उघड बोलला. पण त्यांच्याच कारकिर्दीत २०२४ चा आयपीएल चषक कोलकात्याने जिंकला, हेही खरं. एकाच उदाहरणातून दोघांनाही दारूगोळा मिळतो, म्हणून हा वाद कट्ट्यावर टिकून आहे.

मुझुमदारांची गोष्ट वेगळ्या वळणाची. ६६४ च्या त्या भागीदारीत पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तेच. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारतासाठी एकही सामना नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात ते प्रशिक्षक असलेला भारताचा संघ लागोपाठ तीन सामने हरला. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. तेव्हा मुझुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर लिहिलं ते साधं: अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. नाबाद १२७ काढून सामना जिंकून देणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नंतर पत्रकारांसमोर रडली. स्पर्धेभर आपल्याला चिंतेने घेरलं होतं, रोज रडू येत होतं, हे तिने लपवलं नाही. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत विश्वविजेता झाला.

“आमच्या काळात असं रडू आलं असतं, तर बॅग उचलून घरी पाठवलं असतं,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “आणि १२७ गेले असते.”

भाचीला वाटलं, आता जिंकलो. पण मामांनी गोपीचंद काढले. रिओ ऑलिंपिकआधी तीन महिने पी. व्ही. सिंधूचा मोबाइल काढून घेतलेले, आइस्क्रीम बंद केलेले पुल्लेला गोपीचंद. रौप्यपदक आलं तेव्हा फोन परत मिळाला. “तुझ्याच खेळातलं आहे हे. बोल आता.”

“सिंधू तेव्हा २१ वर्षांची होती, मामा. ऑलिंपिकला निघालेली. तिला माहीत होतं हा फोन कशासाठी जातोय. तिने ठरवून दिला. माझ्या बॅचमधला आठ वर्षांचा मुलगा काहीच ठरवत नाही. त्याच्या वतीने त्याची आई ठरवते, आणि आई ठरवते ती सिंधूचा व्हिडिओ बघून. मोठ्यांचा कडकपणा लहानांना लावायचा, आणि वर तो मोठ्यांना मानवला म्हणून दाखवायचा. माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी.”

वयाचा हा मुद्दा दोघांच्या वादात दर वेळी उशिरा येतो. तो सुरुवातीलाच आला तर निम्मा वाद मिटेल. बहुधा म्हणूनच येत नसावा.

ऊन चढलं. मामांनी चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझ्या सकाळच्या बॅचला पोरं किती?”

“अठ्ठावीस.”

“कोर्ट?”

“चार. मी आणि एक सहायक.”

“म्हणजे चौदा पोरांमागे एक माणूस. त्यातल्या कोणाचा खांदा दुखतोय, कोण रात्री जेवलं नाही, कोणाच्या घरी भांडण झालंय, कळतं तुला?”

ती गप्प.

“माझ्या तासाला साठ असायची,” मामा म्हणाले. “साठ पोरं, एक शिट्टी. खरं सांगू? मारणं त्यातून आलं. एकेकाकडे बघायला वेळ नाही, मग एकाला सगळ्यांदेखत ठोकायचं, म्हणजे एकोणसाठ गप. संध्याकाळी खो-खोची पंधरा पोरं उरायची, त्यांच्यावर माझा हात फारसा उठला नाही. त्यांना मी ओळखत होतो.”

“मग तू इतकी वर्षं जिला शिस्त म्हणतोयस, ती गर्दी सांभाळायची युक्ती होती.”

“होती. आणि तुझं ‘सुपर, चॅम्प’? अठ्ठावीस पोरांना एकाच सुरात म्हटलेलं? ते काय आहे? पालक पैसे मोजतात म्हणून तू ओरडत नाहीस, त्यात प्रेम किती आणि धंदा किती, तूच सांग.”

हे तिला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. सकाळी काचेपलीकडे बसून आया मोबाइलवर चित्रण करत असतात. एखाद्या मुलाला स्पष्ट शब्दांत ‘तू आज मेहनत घेतली नाहीस’ म्हटलं की रात्री ग्रुपवर मेसेज येतो. मैदान फुकट होतं, तेव्हा गुरूला खरं बोलायची मुभा होती. फी आली, तसं गिऱ्हाईक आलं. आचरेकर स्वतः स्टेट बँकेतर्फे अवघा एक प्रथम श्रेणीचा सामना खेळलेले. पण कोणाच्या पालकाला काय वाटेल याची पर्वा करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी.

“मग काय करू? बॅच लहान करू?”

“वीसची कर.”

“वीसची केली तर फी चाळीस टक्क्यांनी वाढवावी लागेल. हॉलचं भाडं तेच राहतं. पिसांच्या शटलची एक नळी हजाराच्या वर गेलीय. आणि एक मुलगी आहे माझ्याकडे, वडील रिक्षा चालवतात. निम्म्या फीवर घेतलीय. तिचं मनगट बघशील तर वेडा होशील. फी वाढली की पहिली तीच जाणार.”

“तिला माझ्याकडे पाठव. खो-खोला काही लागत नाही, पाय लागतात.”

“तिला बॅडमिंटन खेळायचंय, मामा.”

चहा आला. मामांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या समासावर वीस गुणिले मांडलं. “बारीक पोरांना नायलॉनचं शटल दिलंस तर?”

“आठवड्यातून दोन दिवस चालेल. रोज नाही, मनगटाची सवय बिघडते.”

“दोन दिवस धर,” ते म्हणाले, “आणि हॉलवाल्याचा नंबर दे. भाड्याचं मी बोलून बघतो.”

“ओरडायचं नाही त्याच्यावर,” ती म्हणाली, आणि नळ्यांचा हिशेब नव्याने सांगू लागली.